सुई, कीस आणि मेणाचा कागद

पुठ्ठ्याखाली चुंबक. वर चिमूटभर लोहकीस भुरभुरलाय. आता कडेला हलकीशी टिचकी... बघा, कीस सरकला! दोन्ही टोकांपाशी दाट झुपके, मधे कमानीमागे कमानी. शाळेच्या पुस्तकात हे चित्र इतक्यांदा पाहिलेलं असतं, की ते कुणाला तरी शोधावं लागलं असेल हे मनातही येत नाही.

८ ऑगस्ट १२६९. इटलीतल्या लुचेरा गावाला वेढा पडलाय. छावणीतून पिएर द मारिकूर नावाचा एक फ्रेंच गृहस्थ मित्राला पत्र धाडतो. विषय, चुंबकदगड!

त्याची कृती साधी आहे. दगड घासून गोल करा. त्यावर लोखंडाची बारीक सुई ठेवा. ती जशी विसावेल, तशी तिच्या लांबीने रेघ ओढा. सुई उचला, दुसरीकडे ठेवा, पुन्हा रेघ. अशा रेघा ओढत गेलात की सगळ्या समोरासमोरच्या दोन बिंदूंत जाऊन मिळतात, गोलावरची रेखावृत्तं मिळावीत तशा. या बिंदूंना पिएरने ध्रुव म्हटलं. खात्री करायचीय? सुईचा आखूड तुकडा घ्या. ध्रुवावर तो ताठ उभा राहतो.

पुढची गोष्ट लंडनच्या एका वैतागलेल्या कारागिराची. रॉबर्ट नॉर्मन होकायंत्रं बनवायचा. सुई आधी नीट तोलून घ्यायची, मग चुंबकावर घासायची. पण घासली रे घासली, की उत्तरेकडचं टोक खाली झुकायचं! मग दुसऱ्या टोकाला मेणाचा ठिपका लावून तोल सावरायचा. एकदा तोल साधायला टोक कापता कापता सुई इतकी आखूड झाली की सगळी मेहनत पाण्यात. चिडून त्याने या झुकण्याच्याच मागे लागायचं ठरवलं. उभ्या पातळीत फिरणारी सुई बनवली आणि १५८१ साली आकडा छापला: लंडनमध्ये ७१ अंश ५० मिनिटं. १६०० साली विल्यम गिल्बर्ट या डॉक्टरने गोल चुंबकदगडावर इवलीशी सुई फिरवून तसंच झुकणं दाखवलं आणि सांगितलं, पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे.

आता इंग्लंडचा शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षं उमेदवारी केलेला. किसाची नक्षी त्याच्या आधीही लोकांनी पाहिली होती. अडचण एवढीच, की कागद हलला की नक्षी मोडायची. कागदाशी बालपणापासून मैत्री असलेल्या या माणसाने १८५१ मध्ये मेण लावलेला कागद घेतला. त्यावर कीस मांडला, कागदाला ऊब दिली. मेण वितळलं, गार झालं, आणि कण न् कण जागच्या जागी चिकटला. नक्षी आता उचलून कुणालाही दाखवता येत होती.

फॅरडेचं म्हणणं होतं, चुंबकाभोवतीची जागा रिकामी नसते. किसाच्या नक्षीत दिसणाऱ्या या रेषा, म्हणजे चुंबकाच्या बलाची दिशा दाखवणाऱ्या बलरेषा, खऱ्या असतात. गणिताचं शिक्षण नसल्याने त्याने ते समीकरणांत मांडलं नाही. ते काम केंब्रिजच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५५-५६ मध्ये हाती घेतलं.

फॅरडेच्या त्या मेणकागदांपैकी काही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेने जपून ठेवलेत. कॅमेरा जरा जवळ नेऊ. हा गडद पट्टा पाहा... कणाला कण लागून ओळ धरलेली, चुंबकाच्या टोकापासून निघून बाहेर वळलेली, आणि कागद संपला म्हणून तिथेच थांबलेली.