पाहुणा जातो, शिक्षक राहतो

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण मुलामुलींची लगबग सुरू होते. कुणी केनियाला निघालेलं असतं, कुणी फिलिपिन्सला. दोन-तीन आठवडे तिथल्या एखाद्या मिशन शाळेत इंग्रजी शिकवायचं, गाणी घ्यायची, बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या आणि परत यायचं. उपासनेनंतर पाळकसाहेब त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, आईवडलांचे डोळे भरून येतात. मलाही या मुलांचा अभिमान वाटतो. आज मला त्यांच्याशीच बोलायचं आहे, आणि बोलताना साक्ष काढायची आहे ती आमच्या नगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची. परदेशी जाऊन मुलांना शिकवणं म्हणजे काय, हे या गावाने दुसऱ्या बाजूने पाहिलेलं आहे. शिकवणारे सातासमुद्रापलीकडून आले होते आणि शिकणारी मुलं आपली होती.

सिंथिया फरार हे नाव आपल्यापैकी काहींनी महात्मा फुल्यांच्या चरित्रात वाचलं असेल. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये १७९५ साली जन्मलेली ही बाई पेशाने शिक्षिका. अमेरिकन बोर्ड या तिकडच्या मिशनरी संस्थेने तिला आपल्या इथल्या मराठी मिशनच्या मुलींच्या शाळांसाठी पाठवलं आणि १८२७ च्या डिसेंबरअखेरीस ती मुंबईत उतरली. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, लग्न झालेलं नव्हतं. एकट्या बाईला इतक्या दूर पाठवावं की नाही, याचा त्या काळी अमेरिकेतल्या मिशनवाल्यांनाही निर्णय होत नसे. पुढे तब्येत बिघडली म्हणून ती मायदेशी गेली, पण बरी होताच परतली आणि १८३९ पासून नगरला राहिली. १८६२ च्या जानेवारीत तिने देह ठेवला तोही नगरलाच.

तिच्या कामाची रीत कशी होती, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फरारबाई रोज एका वर्गासमोर उभ्या राहून सगळं स्वतः शिकवत होत्या असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. त्या काळच्या मिशन शाळांत शिकवायला बहुतेक इथलेच पंतोजी असत. बाईंचं काम शाळांवर देखरेख करण्याचं, मुली काय शिकल्या ते तपासण्याचं, आणि घरोघरच्या लोकांना पोरीला शाळेत धाडायला राजी करण्याचं. मुलगी वाचायला लागली की घर बुडतं, अशी समजूत असलेला तो काळ. जरा अक्षर वळण घेऊ लागलं की मुलीचं लग्न होई आणि पाटी कोनाड्यात जाई. बाई पुन्हा नव्या मुलींपासून सुरुवात करत. असं वर्षानुवर्षं करायला नुसता उत्साह पुरत नाही. त्याला मराठी यावं लागतं, माणसं ओळखीची व्हावी लागतात आणि त्याच गावात म्हातारं व्हायची तयारी लागते.

आणि मग एके दिवशी पुण्याहून एक तरुण आपल्या मित्राबरोबर, सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर, नगरला येतो आणि या शाळा पाहतो. जोतीराव फुल्यांनी पुढे १८५३ साली स्वतःच सांगितलं की मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून आपल्याला फार आनंद झाला, कारण तिथलं शिक्षण योग्य पद्धतीने चाललं होतं. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांची शाळा उभी राहिली. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, अध्यापनाचे धडे घेतल्याचं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. फरारबाईंच्या सगळ्या आयुष्यात मला सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. त्यांचं काम इथल्या माणसांनी पाहिलं, पारखलं, आणि आपल्या हिमतीवर, आपल्या विचाराने, त्यांच्या कितीतरी पुढे नेलं. शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा जो प्रश्न जोतीराव-सावित्रीबाईंनी हाती घेतला, तो कुठल्याही परदेशी बाईला तसा आतून कळणं शक्य नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला तर दोनच आठवडे मिळतात, चौतीस वर्षांची गोष्ट आम्हाला काय कामाची? कामाची आहे. माझं सारं आयुष्य मिशन शाळेत प्राथमिकच्या वर्गांवर गेलं आणि आमच्याकडेही परदेशी पाहुणे येऊन गेले. फार प्रेमळ माणसं. त्यांनी शिकवलेली हातवाऱ्यांची गाणी मुलं आठवडाभर म्हणत आणि मग विसरून जात. यात वाईट काहीच नाही, मुलांनी हसावं, गावं. पण त्या पाहुण्यांतली एक मुलगी मला विशेष आठवते. पहिले काही दिवस ती वर्गाच्या मागच्या बाकावर नुसती बसून राहिली, आमच्या तिसरीच्या बाई कसं शिकवतात ते पाहत. दुपारी शाळा सुटली की दोघी मिळून जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने इंग्रजी शब्दपट्ट्या तयार करत. मग बाई दार लोटून घेत आणि दुसऱ्या दिवशीचा इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचून दाखवत. ती मुलगी ऐकायची, अडलं तिथे शब्द पुन्हा म्हणून दाखवायची, बाई पुन्हा म्हणायच्या. मुलांसमोर चूक होईल या भीतीने जे विचारायला बाई वर्षानुवर्षं कचरत होत्या, ते त्या बंद दारामागे विचारलं गेलं. मुलगी मायदेशी गेली. तिसरीच्या बाई मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं त्याच वर्गावर होत्या आणि इंग्रजीच्या तासाला त्यांचा आवाज खणखणीत लागायचा. त्या पट्ट्यांच्या कडा झिजल्या तेव्हा बाईंनी त्यांना चिकटपट्टी लावून घेतली होती.

म्हणून माझं सांगणं असं आहे की, तुम्ही जिथे जाल तिथल्या शिक्षकाच्या हाताखाली काम करा. या बाबतीत पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये देशोदेशीच्या स्त्रिया मदतीला आल्या. मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई तिथे कित्येक वर्षं राबल्या. पण संस्था रमाबाईंची होती, शब्द रमाबाईंचा चालत होता. दुष्काळातून आणलेल्या मुलींना काय हवं, अंध मुलींना ब्रेल कसं शिकवायचं, छापखान्यात कुणी काम करायचं, हे ठरवणारी व्यक्ती मराठी बोलणारी, याच देशातली दुःखं भोगलेली होती. आलेल्यांनी ते मान्य केलं आणि त्यांच्या श्रमांचं सोनं झालं.

धर्माबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, आणि मी ख्रिस्ती आहे म्हणून तर मी ते बोललंच पाहिजे. मिशन शाळा काढणाऱ्यांच्या मनात धर्मप्रसार होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पालकांनाही ते दिसत होतं. मुंबईत १८३९ साली स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पालकांनी धडाधड मुलं काढून घेतली होती. माझा प्रभू येशूवर विश्वास आहे आणि कुणी मला विचारलं तर मी तो आनंदाने सांगते. पण आठ वर्षांचं लेकरू बाईंनी सांगितलेलं सगळंच खरं मानतं. त्याला खाऊ देऊन, वही देऊन, त्याच्या आईबापांच्या नकळत त्याचं मन वळवणं मला प्रभूच्या शिकवणुकीत कुठेच सापडत नाही. जे मुलांना सांगायचं ते त्यांच्या पालकांना आधी कळलेलं असावं. त्या देशाचा कायदा काय म्हणतो, पर्यटनाच्या व्हिसावर शिकवायला परवानगी आहे का, तेही आधी पाहून घ्यावं.

अनाथाश्रमात शिकवायला बोलावलं तर जरा थांबा. कंबोडिया, नेपाळ अशा देशांत पाहुण्यांच्या देणग्या मिळतात म्हणून आईबाप असलेली मुलंही अशा ठिकाणी आणून ठेवल्याचं उघड झालेलं आहे. त्यापेक्षा मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात अशी गावची शाळा निवडा.

आणि भाषा! केनियात लहान वर्गांना त्या-त्या भागातली भाषा शिकवण्याचं माध्यम असावं असं शासनाचं धोरण आहे. तुम्ही थेट इंग्रजी सुरू केलंत तर पुढच्या बाकांवरची चार मुलं माना डोलावतील, बाकीची तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. निघण्यापूर्वी दोन महिने तरी स्वाहिली, म्हणजे केनियात बहुतेक ठिकाणी चालणारी भाषा, शिका. अंक, महिने, "पुन्हा सांग", "घाबरू नकोस", एवढं आलं तरी वर्ग तुमचा होतो.

तिकीट काढण्याआधी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक पत्र लिहा. आम्ही अमुक शिकवणार आहोत, असं त्यात लिहू नका. तुमच्या शाळेचं सत्र कधी असतं, परीक्षा कधी, कुठल्या इयत्तेला कुठला विषय जड जातो, तुमच्या शिक्षकांना कशाची मदत हवी आहे, हे विचारा. पुढच्या वर्षीही आमच्यातलंच कुणी आलं तर चालेल का, तेही विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. ते आलं की मग सामान बांधायला घ्या.

नमस्कार.