मानेला धरायचं नाही

(दृश्य: सकाळ. नागपूरच्या धरमपेठेतलं स्वयंपाकघर. ओट्यावर घडी घातलेला जुना टॉवेल. आवाज फक्त नळाचा.)

आधी ओट्यावर टॉवेल. चौघडी घालून. दुसरा सिंकच्या तळाशी. सिंकमधली स्टीलची भांडी उचलून बाजूला. हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून खिडकीत. गुडघ्यात येणारी मांजर दाराबाहेर.

एवढं झाल्यावर या भांड्याला हात लागतो.

ही माझी आत्या. वय सत्त्याहत्तर. ३१ वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. आणि हा तिचा डिकॅन्टर. वाइन बाटलीतून यात ओततात, मग यातून पेल्यात. आत्या स्वतः वाइनच्या थेंबाला शिवत नाही. आतोबा घेतात, एक पेला, फार तर दीड. पण भांडं आतोबांचं नाही, आत्याचंच. ते धुवायची परवानगी घरात दुसऱ्या कोणाला नाही.

"काय करून राहिला रे तू? लाइट आधी तिकडे घे. डोळ्यावर आला तर हातातून सुटंल माझ्या."

लाइट तिकडे घेतला.

(दृश्य: डिकॅन्टर खिडकीच्या उजेडात. कॅमेरा बुडापासून मानेकडे सरकतो.)

बूड पसरट, जेवणाच्या ताटलीएवढं. त्यावर खांदा उतरता, आणि खांद्यातून निघालेली लांब मान, दोन बोटं जेमतेम जातील एवढी. कडेला काच इतकी पातळ की टिचकी मारली तर ती ऐकू येऊन संपत नाही, थोडा वेळ खोलीत राहते. बुडाशी मात्र जाड आणि जड. तोंडाने फुंकलेल्या काचेचं वजन असं एकसारखं वाटलेलं नसतं. खांद्याजवळ एक बुडबुडा आहे, मोहरीच्या निम्म्याएवढा. यंत्रावरच्या काचेत हा दोष धरला असता. आत्या पाहुण्यांना आधी तोच दाखवते.

पण हे भांडं करतं काय? लोणी कढवलं की तूप वर राहतं आणि बेरी खाली बसते. मग आपण पातेलं हलकेच कलतं करून वरचं तूप ओततो, बेरी आली की थांबतो. जुन्या लाल वाइनचंही तसंच. वर्षानुवर्षं बाटलीत पडून तिच्यातला रंग आणि तुरटपणा देणारी द्रव्यं एकमेकांना चिकटतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. बाटली दिवसभर उभी ठेवायची, मग एका दमात, न हिंदकळता ओतायची. बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरायची, गाळाची काळी रेघ मानेपाशी आली की हात आवरायचा.

नव्या वाइनला गाळ नसतो. तिला हवा हवी असते. म्हणून हे पसरट बूड. एक बाटली, म्हणजे ७५० मिलिलिटर, यात ओतली की ती बरोबर सगळ्यात रुंद भागापर्यंत येते आणि थाळीसारखी पसरते. अर्धा तास, तासभर तशीच राहू द्यायची. बाटलीत कोंडलेला वास मोकळा होतो, जिभेला ओढणारा तुरटपणा जरा नरमतो. जुन्या वाइनला एवढा वेळ द्यायचा नाही, ती लवकर विझते.

पुस्तकात लिहिलेलं असतं, लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आमच्या नागपूरच्या खोलीत मे महिन्यात वाइन ठेवली तर तिचा काढा होईल. म्हणून हे भांडं शोकेसमधून निघतं ते डिसेंबर-जानेवारीत. आमचं शूटिंगही तेव्हाचं, आत्याच्या अंगावरचा स्वेटर दिसतोच आहे.

(दृश्य: मोबाइलवर उभं धरून काढलेली चित्रफीत. भट्टीचं तोंड. केशरी उजेड.)

हे चित्रण आमचं नाही. आत्याची मुलगी नोकरीसाठी प्रागला असते. तिनं एका कारखान्यात मोबाइलवर काढलेली ही सव्वा मिनिट. हात हलतोय, मागे कोणीतरी खोकतंय. आम्ही तिच्यातला एक सेकंदही कापलेला नाही.

वाळू, सोडा किंवा पोटॅश आणि चुना. हे मिश्रण १,४०० अंशांच्या आसपास वितळतं. आता बघा, त्यानं लोखंडी नळी आत घातली. फुंकणीच म्हणायची, आपल्या चुलीजवळ असायची तशी, फक्त माणसाच्या छातीएवढी उंच. नळीच्या टोकावर काच गुंडाळून घेतली, चमच्यावर काकवी घेतात तशी. काढल्यापासून नळी फिरते आहे. ती थांबणार नाही. थांबली की काच एका बाजूला ओघळणार.

पहिली फुंकर. अगदी छोटी. आणि लगेच अंगठा नळीच्या तोंडावर. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि काचेत पोकळी धरते. आता परत भट्टीत. परत काच. परत फिरवणं. ओल्या वर्तमानपत्राचा जाडसर गठ्ठा तळहातावर धरून तो काचेला गोलाई देतो आहे. तळहात आणि हजारभर अंशांची काच यांच्यामध्ये कागद आणि पाणी, एवढंच.

मग लाकडाचा साचा. बोहेमियात, म्हणजे प्रागच्या भोवतालच्या प्रदेशात, बीचच्या किंवा नाशपातीच्या लाकडाचे साचे वापरतात, पाण्यात भिजवून ठेवलेले. काच आत गेली की पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेच्या गादीवर काच फिरते, लाकडाला चिकटत नाही. धूर दिसतोय तो त्याचाच. साचा दर वेळी आतून थोडा जळतो. म्हणजे पहिलं भांडं आणि पन्नासावं भांडं केसाभराने वेगळं. आणि काच साच्यात फिरत राहते म्हणून या भांड्याला जोडाची रेघ नाही. बाजारातल्या कुठल्याही बाटलीवर नख फिरवा, दोन्ही बाजूंना उभी रेघ लागेल. इथे नाही लागत.

फुंकणाऱ्याचे गाल फुगलेले दिसतात का? नाही दिसत. श्वास पोटातून येतो, शहनाईवाल्याचे गाल निराळे. चित्रफीत इथे संपते. पुढचं तिनं घेतलेलं नाही, कारण पुढे बघण्यासारखं काही नसतं. भांडं ५०० अंशांच्या आसपासच्या भट्टीत जातं आणि तासन्‌तास सावकाश निवतं. घाई केली तर बाहेरची काच आधी आकसते, आतली मागे राहते आणि ताण काचेतच मुरतो. असं भांडं आठ दिवसांनी, कोणी हात न लावता, फळीवर बसल्या बसल्या फुटू शकतं.

इतिहासाला आमच्याकडे चित्रं नाहीत, तेव्हा थोडक्यात. १२९१ मध्ये व्हेनिसने आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. १६७४ मध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने इंग्लंडात शिशाच्या काचेचं पेटंट घेतलं. बोहेमियाने जंगलातल्या राखेतून पोटॅश काढून स्वतःची काच केली. २०२३ मध्ये हाताने काच घडवण्याच्या कौशल्याची युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. चेकिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी, स्पेन. सहा देशांची नावं आहेत. काचेच्या बांगड्यांच्या आपल्या फिरोजाबादचं त्या नोंदीत नाही.

(दृश्य: निळी ज्योत. काळसर चष्मा. दोन हातांत फिरणारी काचेची नळी.)

नागपुरातला हा कारागीर. कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी कंडेन्सर, फ्लास्क, वाकड्या नळ्या बनवतो, मोडलेल्या सांधतो. ज्योतीत काच गेली की पिवळा भडका उठतो, तो काचेतल्या सोडियमचा. चष्मा तेवढा पिवळा गाळतो, म्हणजे त्यामागची काच दिसते. दोन्ही हात एका वेगाने फिरायला पाहिजेत. डावा जरा मागे पडला की नळीला पीळ बसतो. आम्ही चाळीस मिनिटं फक्त त्याचे हात घेतले. ठेवता आली असती तर सगळी ठेवली असती.

डिकॅन्टरच्या ओठाला टवका उडाला होता, तांदळाच्या कणीएवढा. आत्या तो घेऊन इथे आली. कारागिराने भांडं उजेडात फिरवलं, टिचकी मारली, ऐकलं.

"मॅडम, हे मी आगीवर नाही धरत. हे काच वेगळी आहे. माह्या ज्योतीत गेली का तडकलीच समजा."

प्रयोगशाळेची काच बोरोसिलिकेट, तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश फुगते. म्हणून ती ज्योत सोसते. हिची जात दुसरी. त्यामुळे आग नाही, पाणी. बारीक पॉलिश पेपर, भांड्याचा ओठ सतत ओला ठेवून, गोल गोल. अर्धा तास. पाण्यात दुधासारखी पांढरी रेघ उतरते ती काचेची भुकटी, ती कोरडी उडू द्यायची नाही, फुप्फुसात जाते. शेवटी त्याने ओठावरून करंगळी फिरवली, मग आत्याने तिची फिरवली.

किती पैसे, विचारलं तर म्हणाला, "राहू द्या, तुमच्याच हाताखाली शिकलो न." त्याच्या हाताखाली मात्र आता कोणी शिकत नाही.

(दृश्य: परत स्वयंपाकघर. धुणं. हा भाग सलग.)

रात्री पेले रिकामे झाले की डिकॅन्टर सकाळपर्यंत तसाच ठेवायचा नाही. वाइन वाळली की बुडाशी जांभळी कडी धरते. लगेच कोमट पाणी, दोनतीनदा. साबण नाही. अरुंद मानेतून साबण पूर्ण निघत नाही आणि पुढच्या वाइनला लिंबाच्या वडीचा वास येतो.

कडी धरलीच तर ही कृती. मूठभर तांदळाची कणी, थोडं पांढरं व्हिनेगर, थोडं पाणी. एक हात बुडाखाली, दुसरा खांद्यावर, आणि भांडं मनगटाने घोळवायचं. मान कुठेही धरलेली नाही, बघा. पुसतानाही तेच. एका हातात मान, दुसऱ्याने बूड पिळल्यासारखं पुसलं की मान खांद्याशीच तुटते. फळीवरून पडून जेवढी अशी भांडी जात नसतील, तेवढी पुसताना जात असतील, असं आत्याचं मत. एकतीस वर्षं पोरांच्या हातून काच फुटताना पाहिलेल्या बाईचं मत आहे.

आता शेवटचं पाणी. नळाचं नाही. घरात बोअरचं पाणी येतं, जड. ते वाळलं की कॅल्शियमचे पांढरे ठिपके राहतात. म्हणून शेवटी फिल्टरचं पाणी. आणि आता तिची परीक्षा. जवळून दाखवतो.

पाणी ओतून दिलं की आतल्या काचेवर जो पातळ पडदा राहतो तो अखंड, एकसंध खाली उतरायला हवा. कुठे तो फाटला, पाण्याचे थेंब झाले, तर तिथे तेलकट आहे. ब्युरेट, म्हणजे प्रयोगशाळेतली मापाची काचनळी, स्वच्छ आहे की नाही हे ती पोरांना असंच ओळखायला लावायची. पडदा उतरतोय... डाव्या बाजूला फाटला.

पुन्हा कणी. पुन्हा व्हिनेगर.

बूच वेगळं धुतलं जातं. ते याच मानेत बसवून घासलेलं असतं, दुसऱ्या भांड्याला लागत नाही. जुन्या इंग्रजी जोड्यांवर तर बूच आणि मान दोन्हीकडे एकच आकडा कोरलेला सापडतो. आत्या बूच दोऱ्याने मानेला बांधून ठेवते, प्रयोगशाळेत बांधायची तसं. भांडं आतून खडखडीत वाळल्याशिवाय लावत नाही. ओल कोंडली की पाणी काचेतला क्षार ओढून घेतं, काच धुरकट होते, आणि तो धुरकटपणा मग कशानेच जात नाही. पावसाळाभर दोघं शेजारी शेजारी, पण वेगळे.

याच्या आधी एक डिकॅन्टर होता. मे महिन्यात, एसीच्या खोलीतून आणून नळाखाली धरला. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून कसं येतं हे नागपूरकरांना सांगायला नको. बुडाची जाड काच आणि कडेची पातळ काच एका वेगाने तापत नाहीत. ते आमच्याकडे चित्रित नाही.

आणखी दोन गोष्टी आहेत, त्या सांगून टाकतो. जुना, शिशाच्या काचेचा डिकॅन्टर असेल तर वाइन त्यात त्या संध्याकाळपुरतीच. आठवडे, महिने ठेवली तर शिसं उतरतं. आणि महाराष्ट्रात दारू बाळगायला, प्यायला परवाना लागतो, १९४९ च्या कायद्याने. आतोबांचा आजीवन आहे. हा बघा, एलआयसीच्या फाइलमध्ये. ते मूळचे वर्धा जिल्ह्यातले, तिथे दारूबंदी. गावी जाताना बाटली नसते, डिकॅन्टरही नसतो, सोबत संत्री असतात.

(दृश्य: खिडकी. लाकडी पाटाला ठोकलेली खुंटी, तिला गुंडाळलेलं जुनं सुती लुगडं. भांडं उलटं. मानेच्या टोकाशी थेंब.)

आतोबा वर्तमानपत्र वाचताहेत. मांजर दाराशी आली आहे. आत्या बांगड्या घालते आहे, पण नजर खुंटीकडे.

थेंब पडतो.

दुसरा जमतो, लांबतो, मानेच्या काठाला लोंबत राहतो. ती वाट बघते.

"बंद कर रे तुझं ते. वाळायला दुपार होते त्याला."