बुरशीलाही रोग होतो

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. मिरगाआधी पोफळीच्या घोसांवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारून ज्यांची मान अवघडली असेल, त्यांना मी आज एक नवलाची गोष्ट सांगणार आहे. पिकाला आजारी पाडणारी बुरशी स्वतःही आजारी पडते. तिलाही विषाणू लागतात.

1904 साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात चेस्टनट नावाची मोठी रानझाडं वाळताना दिसली. आशियातून आलेली बुरशी सालीत शिरून साल मारत होती. पुढच्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेतली सुमारे चारशे कोटी झाडं गेली. 1938 मध्ये तोच रोग इटलीत पोचला. तिथेही रानं उजाड होणार, असंच सगळे धरून चालले होते. पण 1950च्या सुमारास बिराघी नावाच्या शास्त्रज्ञाला अशी झाडं दिसली की ज्यांच्या जखमा आपोआप भरून येत होत्या. बुरशी सालीत होती, पण तिचा जोर गेला होता. पुढे फ्रान्समध्ये ग्रांत या शास्त्रज्ञांनी ती वाढवून पाहिली. एरवी नारिंगी दिसणारी ही बुरशी फिकट निघाली. जोमदार बुरशीशेजारी ठेवली, तर तीही मलूल झाली! विषाणू एकीतून दुसरीत गेला होता.

अडचण आहे ती इथेच. हा विषाणू वाऱ्याने स्वतः उडत नाही. दोन बुरश्यांचे तंतू एकमेकांना भिडून जोडले गेले, तरच तो पलीकडे जातो. नातं जुळलं नाही, तर भिडलेल्या जागी पेशीच मरतात आणि वाट बंद होते. युरोपात या बुरशीच्या जाती-पोटजाती कमी, म्हणून तिथे आजारी बुरशी सोडण्याचा उपाय चालला. अमेरिकेत त्या फार, म्हणून बहुतेक ठिकाणी फसला.

आपल्या भातावरच्या करप्याच्या बुरशीतही असे विषाणू सापडलेत, आणि त्यातला एक तिची वाढ खुंटवतो. मला याची फार आशा वाटते. पण आपल्या पिकांसाठी बाटलीत भरून बाजारात मिळावं, असं यातलं काही आज नाही. आणि पोफळीवरच्या ज्या कोळेरोगासाठी आपण फवारतो, त्याचा जीव तर शास्त्राप्रमाणे खरी बुरशीच नव्हे, तेव्हा चेस्टनटचा हिशेब त्याला लावू नका. मोरचूद-चुन्याची फवारणी वेळेवर कराच.

बिराघींनी सुरुवातीला नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तुमच्या कुळागरात, काजूच्या भाटात एखादं झाड बाधलेलं असूनही जखम भरत असेल, शेजारची वाळत असताना ते तग धरून असेल, तर कोयता लावण्याआधी विभागीय कृषी कार्यालयात कळवा आणि ते झाड दाखवा.