तांब्याच्या पत्र्यावरची राणी

नमस्कार, शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो.

शेत विकत घेताना खरेदीखतात आपण चतुःसीमा लिहितो. पूर्वेला अमक्याचं वावर, दक्षिणेला नाला. सोळाशे वर्षांपूर्वी आपल्याच विदर्भात एका बाईनं अशीच चतुःसीमा लिहवून घेतली होती. तिचं नाव प्रभावतीगुप्ता.

गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक. वाकाटक राजा रुद्रसेन याच्या घरी नांदायला आली. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती. तेव्हा तिनं युवराजाची आई म्हणून रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनमधून, राज्य चालवलं. तिथून तिनं दंगुण नावाचं गाव दान दिलं. ते गाव शीर्षग्रामाच्या दक्षिणेला आणि कदापिंजनाच्या पश्चिमेला, असं ताम्रपटात, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या दानलेखात, लिहिलं आहे. त्याच ताम्रपटात वंशावळ दिली आहे ती मात्र सासरची नाही, माहेरची. ते वाचताना मला ती बाई समोर उभी दिसते.

हा ताम्रपट मिळाला कुठं? पुण्यात, एका तांबटाच्या घरी! ज्याच्या हाताखाली रोज तांबं वितळायचं, त्यानं हे पत्रे भट्टीत टाकले नाहीत. त्याचे उपकार मी फार मोठे मानतो. तिचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. वाशीमला 1939 साली वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट हाती आला आणि वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, तिथं वाकाटकांची दुसरी शाखा राज्य करत होती, हे पक्कं झालं. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे लेख ओळीओळीनं वाचले. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ 1963 साली निघाला.

वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांवरची अक्षरं ओळखायला सोपी आहेत. अक्षराच्या डोक्यावर एक बारीक चौकोनी पेटी असते. पत्र्यांना एका बाजूला भोक पाडून त्यात कडी ओवलेली असते आणि कडीला राजमुद्रा.

वखरताना, विहीर खणताना किंवा जुना वाडा पाडताना असे पत्रे निघाले, तर चिंचेनं घासू नका, मोडीतही देऊ नका. कडी तोडू नका. माती लागलेली असेल तशीच राहू द्या, कापडात गुंडाळा आणि तहसीलदारांना कळवा. कोणत्या धुऱ्याजवळ निघालं, किती खोल होतं, तेही कागदावर लिहून ठेवा.