स्वयंपाकघराची भिंत
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : एडमंटनमधली एक गल्ली. रात्र. बर्फ पडतंय.]

साल 1968. कॅनडातलं एडमंटन शहर. एका घरात स्वयंपाकघर मोठं करायचं ठरलं होतं, म्हणजे मधली भिंत काढायची होती. सुतार आला, त्यानं हातोड्याचा पहिला घाव घातला आणि भिंतीला डोकं जाईल एवढं भोक पडलं. घराचे मालक तिथेच उभे होते. पन्नाशीकडे झुकलेला, शांत, मितभाषी माणूस. ते भोकाकडे बघत राहिले आणि कोटही न घालता घराबाहेर पडले. परतले ते अंधार पडल्यावर. कुठे गेला होतात, हे कोणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

ही गोष्ट सांगणारी त्यांची मुलगी आज पंचाहत्तरी ओलांडून बसलीय. आमच्या गल्लीत त्यांचं तिसरं घर. आमच्या मुलांनी त्यांना कधीच 'आजी' करून टाकलं, मग आम्हीही आजीच म्हणायला लागलो. हा माहितीपट सुरू झाला तो त्यांच्या ओट्याशी, चहा पिता पिता. आजींचे वडील दुसऱ्या महायुद्धात लॉयल एडमंटन रेजिमेंटमध्ये होते. इटलीत लढले, नंतर हॉलंडमध्ये.

"हॉलंडच्या गोष्टी सांगायचे," आजी म्हणाल्या. "इटलीचं नावसुद्धा काढायचे नाहीत."

[दृश्य : जुना फोटो. दोन तरुण सैनिक, मागे पडकं घर.]

हा एक फोटो मात्र त्यांनी जपून ठेवला होता. डावीकडे वडील. उजवीकडे कोण, ते ठाऊक नाही. मागे पेन्सिलीनं एक टोपणनाव, आणि खाली एकच शब्द. ऑर्टोना.

कॅनडात अशी घरं पुष्कळ आहेत. 11 नोव्हेंबर, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस, जवळ आला की कोटावर लाल पॉपीचं फूल लावतात, अकरा वाजता दोन मिनिटं उभे राहतात, आणि घरी आल्यावर कपाटातला पत्र्याचा डबा उघडतात. त्यात पदकं असतात, सेन्सॉरनं काळं फासलेली पत्रं असतात. ज्या घरातला मुलगा परत आलाच नाही, तिथे एक लहानसा चांदीचा क्रॉस असतो. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 पासून, कॅनडा सरकार तो मृत सैनिकाच्या आईला आणि पत्नीला देत आलं.

मुलगा मात्र देत नव्हतं. हे आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण नियमच तसा होता : जिथे पडला, तिथेच पुरायचा. ब्रिटिश साम्राज्यातल्या सगळ्या फौजांसाठी पहिल्या महायुद्धात हे ठरलं आणि कॅनडानं कोरियाच्या युद्धापर्यंत ते पाळलं. श्रीमंताचा मुलगा बोटीनं घरी यावा आणि गरिबाचा चिखलात राहावा, हे नको, असा त्यामागचा विचार. दगडही सगळ्यांना सारखाच. जनरल असो की साधा शिपाई, तीच उंची, तीच रुंदी. कॅनडाच्या सैनिकाला वर मेपलचं पान. आईवडिलांच्या हातात राहिली ती तळाची ओळ. साठ-पासष्ट अक्षरं, हवं ते लिहा. गव्हाच्या शेतावरच्या कुठल्याशा घरात, कंदिलाखाली बसून कोणीतरी ती अक्षरं मोजली असतील. एक शब्द खोडला असेल, दुसरा घातला असेल. युद्धातल्या कुठल्याही भाषणापेक्षा मला ती अक्षरांची मोजणी जास्त कळते.

अफगाणिस्तानात कॅनडाचे 158 सैनिक गेले, ते घरी आणले गेले. आजींच्या वडिलांच्या पिढीत ते नव्हतं. म्हणून मग मागे राहिलेल्यांना तिकडे जावं लागतं. 1936 साली फ्रान्समधल्या विमीच्या टेकडीवर कॅनडाचं स्मारक उभं राहिलं, तेव्हा सहा हजारांहून जास्त माणसं बोटींनी अटलांटिक ओलांडून गेली होती. ज्यांना थडगंच मिळालं नाही अशी 11,285 नावं त्या दगडावर कोरलेली आहेत, आणि प्रत्येकाला त्यातलं एकच वाचायचं होतं.

[दृश्य : एड्रियाटिक समुद्र. जैतुनाच्या बागा, झाडांखाली पसरलेल्या जाळ्या.]

आम्ही गेलो ते डिसेंबरच्या सुरुवातीला. आजी, त्यांचा भाचा, मी आणि कॅमेरा. विमानतळावर आजींच्या पर्समधला दगड तपासनिसानं दोनदा उलटून पाहिला. एडमंटनच्या नदीकाठचा गोटा होता तो. माती नेता येत नाही, दगड चालतो, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

ऑर्टोना हे इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. कड्यावर वसलेलं, अरुंद गल्ल्यांचं. डिसेंबर 1943 मध्ये ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याला किनाऱ्याने वर सरकून पेस्काराला पोचायचं होतं, तिथून डावीकडे वळून रोम. वाटेत मोरो नदी. नदी कसली, आपल्याकडच्या ओढ्याएवढी. पण दोन्ही काठ उभे, पाऊस न थांबणारा, आणि चिखल असा की रणगाडे रुतत. पहिल्या कॅनेडियन डिव्हिजननं ती ओलांडली, मग पलीकडच्या घळीपाशी कित्येक दिवस रक्त सांडलं. 20 डिसेंबरला ते ऑर्टोनाच्या वेशीत शिरले. समोर जर्मनांचं पॅराशूट दल होतं, निवडक माणसं. त्यांनी घरं पाडून गल्ल्या बुजवल्या होत्या, ढिगाऱ्यांत सुरुंग पेरले होते, आणि जे रस्ते मुद्दाम मोकळे ठेवले होते त्यांवर मशीनगना रोखल्या होत्या.

रस्त्यानं जाणं म्हणजे मरण. मग कॅनेडियन रस्त्यानं गेलेच नाहीत.

[दृश्य : ऑर्टोनाचं युद्ध-संग्रहालय.]

संग्रहालयात आम्हाला सांगणारा तरुण ऑर्टोनाचाच. घरं एकमेकांना चिकटलेली, मधे एकच भिंत, हे त्यानं दोन हात जुळवून दाखवलं. सैनिक वरच्या मजल्यावर जायचे, शेजारच्या घराच्या भिंतीला स्फोटकं लावायचे, खाली येऊन थांबायचे. धूळ बसायच्या आत वर पळत जाऊन भोकातून हातबाँब टाकायचा, पाठोपाठ आत शिरायचं. ते घर वरून खालपर्यंत रिकामं करायचं. की पुढची भिंत. याला ते 'माउस-होलिंग' म्हणत, म्हणजे उंदरासारखं पोखरत जाणं. आठ दिवस हेच. भोकापलीकडे जर्मन आहे, की कोपऱ्यात मुलांना कवटाळून बसलेली इटालियन बाई आहे, हे आत शिरल्याशिवाय कळत नसे. त्या लढाईत शहरातले सुमारे 1,300 सामान्य लोक गेले.

आजी ऐकत होत्या. मग त्यांनी भिंतीवरच्या छायाचित्राकडे बोट केलं आणि विचारलं, "भोक एवढंच असायचं?"

तो म्हणाला, "पहिल्यांदा एवढंच. डोकं जाईल एवढं."

आजी बाकावर बसल्या. आम्ही कॅमेरा बंद केला. हा प्रसंग तुम्हाला दिसणार नाही, मी फक्त सांगतोय. थोड्या वेळानं भाच्याला म्हणाल्या, "आणि आम्हाला वाटलं, बाबांना खर्च आवडला नसेल."

[दृश्य : सांता मारिया दी कोस्तांतिनोपोली चर्चचा आतला भाग.]

ऑर्टोनाची जी गोष्ट कॅनडात सगळ्यांना ठाऊक असते, ती या चर्चमधली. 25 डिसेंबर 1943. व्हँकुव्हरच्या सीफोर्थ हायलँडर्स या रेजिमेंटनं लढाई चालू असताना इथे टेबलं मांडली, पांढरी कापडं अंथरली, आणि एकेक कंपनी आघाडीवरून आणून जेवायला घातली. सूप, डुकराचं मटण, बटाट्याचा लगदा, पुडिंग, बिअर. ऑर्गन वाजत होता. जेवायचं आणि पुन्हा लढायला जायचं. काहींचं ते शेवटचं जेवण ठरलं.

गोष्ट खरी आहे, सुंदरही आहे, आणि म्हणूनच ती टिकली. मला तिचा थोडा राग येतो. जेवण सांगता येतं. जेवणाआधीच्या आणि नंतरच्या भिंती नाही सांगता येत. आजींच्या वडिलांची रेजिमेंट तर त्या पंगतीला नव्हतीच. 27 डिसेंबरला एडमंटनच्या सैनिकांची जवळजवळ अख्खी प्लॅटून, म्हणजे तुकडी, एका घरात होती. जर्मनांनी ते घर आधीच सुरुंग लावून ठेवलं होतं. ते उडवलं. ढिगाऱ्याखालून एक जण तीन दिवसांनी जिवंत निघाला. मग एडमंटनवाल्यांनीही जर्मन बसलेलं एक घर तसंच उडवलं. पुढे जर्मनांपासून सुटलेल्या हॉलंडमध्ये हारतुरे घेणारी, पोरांना चॉकलेटं वाटणारी माणसं हीच. घरी जाऊन त्यांनी हॉलंड सांगितलं, यात नवल ते काय.

त्यात आणखी एक दुखणं. रोम पडलं 4 जून 1944 ला. दोनच दिवसांनी फ्रान्समधल्या नॉर्मंडीचं आक्रमण, म्हणजे 'डी-डे', झालं आणि जगानं इटलीकडे पाठ फिरवली. इटलीतल्या सैनिकांना 'डी-डे चुकवणारे' असं टोपणनाव पडलं. 93,000 कॅनेडियन इटलीत लढले, साडेपाच हजारांच्या आसपास तिथेच राहिले, आणि घरी आल्यावर लोक विचारायचे, तू नॉर्मंडीला होतास का?

[दृश्य : मोरो नदी कॅनेडियन युद्ध दफनभूमी, सान दोनातो.]

एका छोट्या चर्चजवळून आत गेलं की पांढऱ्या दगडांच्या रांगा. 1,615 थडगी. पलीकडे समुद्र. 1944 च्या जानेवारीत, तोफांचे आवाज थांबले नव्हते तेव्हा, कॅनेडियनांनी ही जागा निवडली. आजूबाजूच्या शेतांत घाईघाईनं पुरलेली माणसं मग इथे आणली गेली.

फोटोतला मित्र कोणता, ते शोधणं अशक्य होतं. टोपणनाव दगडावर लिहीत नाहीत. कदाचित तो इथे नसेलही, कदाचित तो म्हातारा होऊन कॅनडातच गेला असेल. आजींना हे मी विमानातच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांनी एडमंटन रेजिमेंटचे दगड शोधायला सुरुवात केली आणि एकेका दगडापुढे उभं राहून नाव, वय, तळाची ओळ, सगळं मोठ्यानं वाचलं. एकवीस वर्षं. एकोणीस. चौतीस. जिथे नाव नाही, फक्त 'ईश्वरास ज्ञात' एवढंच आहे, तिथे तेही वाचलं. भाचा खुर्ची घेऊन मागे मागे. दोन तास लागले. गोटा त्यांनी कुठल्याच थडग्यावर ठेवला नाही, परत पर्समध्ये टाकला. का, ते मी विचारलं नाही.

[दृश्य : किनाऱ्याचा रस्ता, दक्षिणेकडे. ढग.]

इथून दक्षिणेला गाडीनं थोड्याच वेळात सांग्रो नदी लागते. तिथली दफनभूमी मला बघायची होती. कॅनेडियन मोरोवर पोचले त्याच्या आदल्या महिन्यात सांग्रो ओलांडताना आठवी भारतीय डिव्हिजन लढली, आणि ऑर्टोना चालू असताना हीच डिव्हिजन कॅनेडियनांच्या डाव्या अंगाला, व्हिला ग्रांदे गावासाठी झुंजत होती. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. पुढे मे 1944 मध्ये मोंते कॅसिनोच्या डोंगराखाली गारी नदी ओलांडताना याच डिव्हिजनच्या पाठीशी कॅनेडियन रणगाडे होते. एडमंटनचा पोरगा आणि सातारा-रत्नागिरीचा पोरगा एकाच पावसात भिजत होते. आजींच्या घरात हे कधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या घरातही नाही.

सांग्रोला एक वेगळं स्मारक आहे. ज्यांचं दहन झालं अशा 517 भारतीय जवानांची नावं त्यावर आहेत. त्यांना दगडही नाही, तळाची ओळही नाही. आपल्याकडे माणसाची आठवण जागेला नाही, तिथीला बांधलेली असते. पण तिथी कळायला तार यावी लागते, आणि तार वाचून दाखवणारा कोणी गावात असावा लागतो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. देह मिळाला नाही. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं. ते एक झाले. या 517 जणांच्या घरचे कोण कधी इथवर आले असतील?

मी स्मारकापुढे नुसता उभा होतो. आजी मागून आल्या.

"तुझं कोणी आहे का यात?"

"नाही, आजी."

"मग वाच ना. मला ही नावं उच्चारता येणार नाहीत."

नावं रोमन लिपीत होती, इंग्रज कारकुनानं ऐकून लिहिलेली. काही पंजाबी, काही गढवाली. मधेच एखादं असं यायचं की ओठांवर आपोआप नीट बसायचं, शाळेतल्या हजेरीसारखं. शंभरेक झाली असतील, तेवढ्यात पाऊस आला. कॅमेरावाल्यानं खूण केली, आवरूया.

आजींनी छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली. "थांबू नकोस," म्हणाल्या. "पुढचं वाच."