परग्रहाची गोष्ट सांगणारा आवाज

नमस्कार श्रोतेहो.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांची ऑडिओबुकं मी बरीच वर्षं ऐकते आहे. सकाळी मुलुंडहून सीएसएमटीला जाताना, संध्याकाळी परतताना, रात्री ओटा आवरताना. या ऐकण्यातून माझं एक मत पक्कं झालंय, तेच आज तुमच्यापुढे मांडते. वाचणारा माणूस बेताचा असला तरी सामाजिक कादंबरी कशीबशी तरून जाते. विज्ञानकथा तरत नाही. आणि अद्भुतकथा तर पहिल्या पंधरा मिनिटांतच बुडते.

असं का होतं? गिरगावातल्या चाळीची गोष्ट ऐकताना जिना, कठडा, सामायिक नळ, गॅलरीत वाळत घातलेले कपडे हे सगळं ऐकणाऱ्याच्या पदरचं असतं. वाचणाऱ्यानं नुसतं 'चाळ' म्हटलं की आपण बाकीचं भरून घेतो. पण ज्या ग्रहाला दोन चंद्र आहेत तिथे रात्र कशी पडत असेल, हे कुणाच्याच पदरी नसतं. लेखकानं शब्द दिलेले असतात. ते कुठल्या वेगानं उलगडायचे, कुठल्या शब्दावर क्षणभर रेंगाळायचं, हे सगळं वाचणाऱ्याच्या हाती. छापील पुस्तकात डोळा सहज दोन ओळी मागे जातो, कानाला तशी सोय नाही. तुम्ही म्हणाल, ॲपमध्ये मागे नेण्याचं बटण असतं की. असतं ना. पण कुर्ल्याला गर्दी आत शिरली की पर्समधून फोन काढायला हात तरी मोकळा हवा!

जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तिच्यात सगळा खेळ डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीचा आहे. आरशात दिसतं तसं खरोखरच उलटं झालं तर काय होईल, ही तिची कल्पना. आता विचार करा, वाचणाऱ्यानं एका ठिकाणी 'डावा' हा शब्द घाईत गिळला, तर काय उरलं? ऐकणारा पुढची पाच मिनिटं गोंधळलेला राहणार आणि शेवटी त्याला वाटणार की कथाच फसली. अशा कथेचं वाचन करणाऱ्याला तिच्यातलं विज्ञान आधी कळलेलं असायला हवं. नुसता गोड आवाज पुरत नाही.

आवाज किती काढले, याचं लोकांना फार कौतुक असतं. रॉय डोट्रिस या ब्रिटिश नटानं 'अ गेम ऑफ थ्रोन्स' या कादंबरीच्या ऑडिओबुकात एकट्यानं २२४ पात्रांचे आवाज काढले, आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. पराक्रम मोठाच. पण ऐकणाऱ्याला खरी गरज असते ती आवाज टिकण्याची. पहिल्या भागात ओळखीचं झालेलं पात्र तिसऱ्या-चौथ्या भागात त्याच आवाजात भेटायला हवं. 'अ गेम ऑफ थ्रोन्स' हा ज्या मालिकेचा पहिला भाग, तिचा चौथा भाग सुरुवातीला दुसऱ्याच कुणीतरी वाचला होता, डोट्रिस यांनी तो नंतर वाचला. एवढ्या लांबलचक मालिकेत वाचणारा बदलला की माणसं तीच राहतात, पण ओळख नव्यानं करून घ्यावी लागते. मला विचाराल तर दहा आवाज पुरेत, फक्त ते शेवटपर्यंत सांभाळावेत. निवेदकाचा स्वतःचा आवाज शांत असावा, आणि नुसत्या लयीतल्या फरकानं कोण बोलतंय ते कळावं.

ध्वनीचा वापर मुळीच करू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. अँडी वीअर यांच्या 'प्रोजेक्ट हेल मेरी' या २०२१ च्या कादंबरीत एक परग्रहवासी आहे, तो सुरांत बोलतो. छापील पुस्तकात त्याच्या बोलण्याच्या जागी स्वरचिन्हं आहेत. ऑडिओबुकात, रे पोर्टर यांच्या वाचनात, आपल्याला खरेच सूर ऐकू येतात. हळूहळू नायकाबरोबर आपणही त्या सुरांना सरावतो. कागदावर जे फक्त सांगता आलं, ते इथे कानाला मिळालं. कथेनंच ध्वनी मागितला, म्हणून तो दिला गेला. हा माझा निकष आहे, आणि तो लावला की बहुतेक पार्श्वसंगीत गळून पडतं.

हे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या अद्भुतकथांच्या ध्वनिमुद्रणात हा दोष फार आहे. जंगल आलं की घुबड, गुहा आली की घुमणारा नाद, राक्षस आला की ढोल. घरी शांतपणे ऐकताना ते कदाचित खपून जाईल. लोकलमध्ये काय होतं? गाडीची घरघर, पंख्याचा आवाज, पुढच्या स्टेशनची घोषणा, शेजारणीचा फोन, आणि त्यात ढोल. शब्दांची व्यंजनं पार विरघळून जातात. कुणी गूढ वाटावं म्हणून खर्जात कुजबुजलं, तर ते पूर्णच वाहून जातं. मग आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि पातळी वाढली की हे तास झपाट्यानं कमी होतात. म्हणजे अनावश्यक ढोलाची किंमत ऐकणाऱ्याचे कान मोजतात.

शांततेचं बळ रेडिओला फार पूर्वी कळलं होतं. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी अमेरिकेत मंगळावरच्या स्वारीची कथा रेडिओवर सादर केली. एच. जी. वेल्स यांची मूळ कादंबरी इंग्लंडात घडते, ऑर्सन वेल्स यांनी ती न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या गावात आणली आणि बातमीपत्राच्या रूपात सांगितली. त्यात एक जागा आहे: बातमीदार घटनास्थळावरून बोलतोय, बोलतोय, आणि मध्येच त्याचा आवाज तुटतो. मग काही सेकंद काहीच नाही. किंकाळी नाही, संगीत नाही. आज ते ध्वनिमुद्रण ऐकतानाही त्या जागी छातीत धस्स होतं. 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही इंग्रजीतली गाजलेली गोष्टसुद्धा आधी १९७८ साली बीबीसीवर नभोनाट्य म्हणून आली, पुस्तक झालं ते पुढच्या वर्षी. विज्ञानकथेचं रेडिओशी नातं असं जुनं आहे. ज्या मुंबई केंद्रावरून १९२७ पासून प्रक्षेपण होतंय, ज्या शहरातली माणसं श्रुतिका ऐकत मोठी झाली, तिथे हे नातं पुन्हा जोडायला काय हरकत आहे?

आता एक गोष्ट, जी ऐकताना मला मनापासून राग येतो. मराठी अद्भुतकथेच्या वाचनात राजपुत्र पुण्यातल्या पेठेतला असल्यासारखा बोलतो, राजकन्या तशीच, ऋषी तर विचारूच नका. आणि पहारेकरी, चोर, राक्षस, चेटकीण? यांच्या तोंडी आगरी, कोळी, वऱ्हाडी हेल. मूळ पुस्तकात तसं काहीही लिहिलेलं नसतं, वाचणारा ते आपल्या मनानं घालतो. ही मुंबई मुळात कोळ्यांची आणि आगऱ्यांची. वरळीच्या, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं पोर ती गोष्ट ऐकत असेल, तर त्याला आपल्या आजीची बोली फक्त राक्षसाच्या तोंडी भेटावी का? ज्या जगात पुणं नाही आणि मुंबईही नाही, त्या जगात प्रमाण भाषेचा मक्ता राजवाड्याकडेच का? अंतराळयानाची कप्तान मालवणीत हुकूम सोडते आहे, असं एखादं वाचन ऐकायला मी आनंदानं पैसे मोजीन.

नावांचा प्रश्नही आहे, पण तो सोपा आहे. मोठ्या अद्भुतकथांच्या पुस्तकात नकाशा असतो, घराण्यांची यादी असते. ऑडिओत ते सगळं गळतं. सुरुवातीलाच दोन मिनिटांत मुख्य नावं स्पष्ट उच्चारून सांगावीत, नकाशा ॲपवर चित्र म्हणून द्यावा. खर्च फारसा नाही.

स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ मध्ये भारतात आली, आणि मराठी ऑडिओबुकं फोनवर सहज मिळू लागली. भयकथा, रहस्यकथा यांना चांगले दिवस आले. पण आपल्या विज्ञानकथेचं भांडार मोठं आहे, आणि त्यातलं बरंच अजून कानापर्यंत यायचं आहे. आपल्या मुंबईत, चुनाभट्टीला, मराठी विज्ञान परिषद आहे. १९६६ ची ही संस्था. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. नंतर उलगडा झाला की हे जयंत विष्णु नारळीकर, आपली आद्याक्षरं उलटी करून लिहिणारे, तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रकार पुढे नेला. यांच्या कथा लांबीला बेताच्या. अनेक कथा एका लोकल प्रवासात पुऱ्या होतील, आणि उतरताना डोक्यात एक प्रश्न घेऊन आपण जिना चढू. तेहतीस-चौतीस तासांची इंग्रजी अद्भुतकथा मी आवडीनं ऐकते, पण मुंबईच्या माणसाच्या दिवसाशी आपली ही छोटी विज्ञानकथा जास्त जुळते.

हल्ली स्वस्तात होतं म्हणून यंत्राच्या आवाजात पुस्तकं वाचून घेतली जातात. मी ऐकली आहेत, आणि विज्ञानकथेसाठी ती मला मुळीच चालत नाहीत. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार, लिहिताना अक्षर एकच. अमरत्वावरच्या कथेत 'जरा-मरण', म्हणजे म्हातारपण आणि मृत्यू, असं येतं. तिथे यंत्रानं 'जराशी' मधला ज लावला की म्हातारपणच नाहीसं होतं. समजून वाचणारा माणूस हे क्षणात ओळखतो, कारण त्याला ठाऊक असतं की कथा कशाबद्दल आहे.

समजून वाचणाऱ्या माणसांची एक मोठी परंपरा याच शहरात आहे. वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची बोलकी पुस्तकं ज्यांना ठाऊक असतील त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ऑडिओबुक हा आपल्यासाठी प्रवासातला विरंगुळा झाला, त्याच्या कितीतरी आधी दृष्टिहीन वाचकांसाठी ते वाचनच होतं. तिथे नुसता देखावा कामाचा नाही, शब्द न् शब्द पोहोचावा लागतो.

म्हणून श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांचा आवाज स्वच्छ आहे आणि ज्यांना अशी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायची आहेत, त्यांना एक विनंती. सुरुवातीला एखादी छोटी विज्ञानकथा घ्या. ती घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, शक्यतो ज्यांनी ती वाचलेली नाही अशा माणसाला. ऐकताना ते कुठे अडले, कुठे "काय म्हणालीस?" असं विचारलं, तिथे पेन्सिलीनं खूण करा. मग ध्वनिमुद्रणाला बसाल तेव्हा त्या खुणांपाशी वेग कमी करा. ढोल वाजवू नका.

नमस्कार.