येर म्हणजे पाणी

नमस्कार श्रोतेहो.

माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं. नवरा देवलापारकडचा, गोंड. आमचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं झालं. त्यात लग्नाची नोटीस ३० दिवस आधी कार्यालयाच्या फलकावर लागते. ओळखीच्या कुणीतरी ती वाचली आणि मी सांगायच्या आत बाबांना कळलं. "जंगलातल्या लोकायत पोरगी देऊ काय?" एवढंच ते बोलले. पुढे चार वर्षं बोललेच नाहीत.

बाबांचा राग मी अनेकांना सांगितला. माझं स्वतःचं मात्र आज पहिल्यांदा सांगते आहे.

मुलगी दीड वर्षाची होती. सासूबाई तिला मांडीवर घेऊन गोंडीत बोलायच्या. पोरगी पाण्याला 'येर' म्हणायला शिकली. मी म्हणाले, "आई, तिच्याशी मराठीच बोला. शाळेत मुलं हसतील." त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मराठीत बोलू लागल्या, आणि त्यांचं बोलणंच आटलं. गाणी, गोष्टी, लाड सगळं गोंडीत होतं. मराठीत त्यांच्याकडे 'जेव', 'झोप', 'पडशील', एवढंच होतं.

रात्री नवरा म्हणाला, "तुह्या बाबात अन् तुह्यात फरक काय राहिला?" मला झोप लागली नाही. समाजाबाहेर लग्न केलं म्हणजे माझं मन स्वच्छ, असं मी धरून चालले होते. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांनी जी मातृभाषा सांगितली, ती मी माझ्याच घरात लपवायला निघाले होते! सकाळी सासूबाईंची माफी मागितली. म्हटलं, मलाही शिकवा.

मुलगी तीन वर्षांची झाली, तेव्हा एका संध्याकाळी बाबा मुरमुऱ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले. आत आले नाहीत. नातीला बोट धरून गांधीसागरवर घेऊन गेले. मी मागून चालत होते. गोंड राजा बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं आणि त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, हा तलाव बांधला, हे बाबांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण तो राजा आणि आपला जावई एकाच समाजाचे, हे त्यांनी कधी मनात जोडून पाहिलं नव्हतं. काठावर बसून ते नातीला म्हणाले, "हा तलाव तुह्या बाबाच्या लोकायनं बांधला, समजलं काय?"

ती तलावाकडे बोट दाखवून ओरडली, "आबा, येर!"

"हे काय म्हणते वो?" बाबांनी मला विचारलं. चार वर्षांनी.

मी सांगितलं. त्यांनी तो शब्द हळूच दोनदा म्हणून पाहिला.